सासऱ्यांची लघवीची नळी आणि अमेरिकेतला फुगा

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातील एका शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. त्यांचे सासरे ७४ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. चार-पाच वर्षांपासून लघवीची धार बारीक झाली होती, रात्रीतून तीन-चारदा उठावे लागत होते. परंतु वयोमानाचे म्हणून ते सोडून दिले गेले. एका लग्नाच्या धावपळीत सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या त्यांनी घेतल्या आणि त्याच रात्री लघवी पूर्ण तुंबली. नळी घातल्यावर ११०० मिलिलिटर लघवी निघाली. टॅमसुलोसिन ही लघवीची वाट सैल करणारी गोळी सुरू करून दोनदा नळी काढून पाहिली, दोन्ही वेळा ती पुन्हा घालावी लागली. आता सात आठवडे नळी आहे. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी ६८ ग्रॅम भरली असून तिचा मधला भाग मूत्राशयात शिरलेला दिसतो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिन ही रक्तचाचणी ठीक आहे. मात्र नळी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या पीएसए या चाचणीचा (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी रक्तचाचणी) आकडा ९ आला आणि त्याने घर हादरले आहे. युरोलॉजिस्टांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवले आहे. पतीचे म्हणणे असे की, न्यू जर्सीतल्या मामेभावाने कळवलेल्या औषधी फुग्याने काम होत असेल तर कापाकापी कशाला. वडिलांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी तीन वर्षांपूर्वी फुग्यानेच तर झाली. सासरे म्हणतात, ‘या वयात आता काही नको, नळीच राहू दे.’ पत्रलेखिका विचारतात: फुग्यासाठी थांबावे का, आणि सून म्हणून या विषयात मी बोलावे तरी किती?

उत्तर:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर वळतो. आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण तुमच्या पत्रात, आणि बहुधा घरातल्या चर्चेतही, दोन वेगळे फुगे एकमेकांत मिसळले आहेत. तुमच्या सासऱ्यांना सध्या घातलेल्या नळीच्या टोकाशीही एक फुगा आहे. तो मूत्राशयात गेल्यावर साधारण दहा मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने फुगवतात, आणि नळी बाहेर निसटू न देणे एवढेच त्याचे काम असते. फ्रेडरिक फोली या अमेरिकी युरोलॉजिस्टांनी १९३० च्या दशकात ही रचना केली, तीही मुळात प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचा रक्तस्राव दाबून धरण्यासाठी. हा फुगा ग्रंथीवर कोणताही उपचार करत नाही. सात आठवडेच काय, सात महिने ठेवला तरी ग्रंथी तेवढीच राहते. तुमचे पती ज्याची चौकशी करत आहेत तो फुगा ग्रंथीच्या आतच फुगवला जातो, काही मिनिटे ठेवला जातो आणि काढून घेतला जातो.

पतींची अँजिओप्लास्टीची तुलना समजण्यासारखी आहे. घरात एकदा फुग्याने जीव वाचलेला पाहिल्यावर दुसऱ्या फुग्यावरही विश्वास बसतो. तरीही ती इथे लागू पडत नाही. हृदयाच्या धमनीत आतल्या भिंतीवर साचलेला थर बाजूला दाबायचा असतो आणि वाट पुन्हा मिटू नये म्हणून तिथे बहुधा धातूची जाळी (स्टेंट) ठेवली जाते. प्रोस्टेटमध्ये मूत्रमार्गाच्या आत काहीही साचलेले नसते. त्याला वेढून असलेली ग्रंथीच चहूबाजूंनी वाढून त्याला आवळत असते, आणि फुगा काढला की ते लवचीक मांस पुन्हा जागेवर येऊ पाहते. हे अनुमान नसून अनुभव आहे. साध्या फुग्याने प्रोस्टेट रुंद करण्याचे प्रयोग १९८० च्या दशकात झाले आणि त्यांचा बराच गाजावाजाही झाला. पुढे १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांवर फुग्याचा उपचार करण्यात आला आणि काहींची फक्त दुर्बिणीने तपासणी करण्यात आली. कोणाला काय केले हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. फुग्याच्या गटाला दुसऱ्या गटापेक्षा उल्लेखनीय असा फायदा दिसला नाही. ती पद्धत मग मागे पडली.

आताचा फुगा त्याच्या पुढचा आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मान्यता दिलेल्या ‘ऑप्टिल्यूम बीपीएच’ या उपकरणात दोन फुगे एकामागून एक वापरतात. पहिला साधा फुगा मोठ्या दाबाने फुगवून ग्रंथीच्या डाव्या आणि उजव्या भागांना पुढच्या बाजूने जोडणारा पट्टा फाडतो. दुसऱ्या फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप असतो, तो फाटलेल्या जागी औषध सोडतो आणि जखम भरताना दोन भाग पुन्हा सांधले जाऊ देत नाही. पॅक्लिटॅक्सेल कर्करोगाच्या उपचारात वापरतात, पण इथे त्याचा उपयोग पेशींची वाढ रोखण्यापुरता आहे. पायाच्या धमन्यांसाठीच्या लेपयुक्त फुग्यांमध्येही हेच औषध असते. म्हणजे जुन्या फुग्याचा जो दोष होता, त्यावरच या लेपाचा रोख आहे.

या उपकरणाच्या प्रमुख चाचणीत १४८ पुरुष होते. त्यांतील काहींवर खोटी, म्हणजे उपचाराचा केवळ देखावा असलेली, प्रक्रिया केली गेली आणि त्या गटाची लक्षणेही पहिल्या काही महिन्यांत थोडीफार कमी झाली. माणसाच्या अपेक्षेचा हा भाग वजा करूनही खऱ्या फुग्याचा गट पुढे राहिला: लक्षणांचा ३५ पैकी मोजला जाणारा गुणांक वर्षभरात सरासरी २३ वरून ११ च्या आसपास आला आणि लघवीच्या धारेचा सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे ९ मिलिलिटरवरून १९ पर्यंत गेला. वीर्यस्खलनावर वाईट परिणाम दिसला नाही. लघवीतून रक्त जाणे हा त्रास मात्र बऱ्याच जणांना झाला.

आता तुमच्या पतींना एकच गोष्ट पुन्हा वाचायला सांगा. उपचाराआधी त्या पुरुषांच्या धारेचा वेग सरासरी ९ होता. याचा अर्थ ते सगळे, कितीही त्रासाने का होईना, स्वतः लघवी करत होते. तुमचे सासरे सात आठवडे एक थेंबही स्वतः करू शकलेले नाहीत. चाचणीसाठी ग्रंथीच्या आकाराची मर्यादा २० ते ८० ग्रॅम होती, त्यात ६८ ग्रॅम बसतात आणि मामेभावाने बहुधा तेवढेच पाहिले असावे. परंतु मूत्राशयात शिरलेला मधला भाग हा वेगळाच अडथळा आहे. फुगा डाव्या-उजव्या भागांना पुढून मोकळे करतो. मधला भाग मात्र मागच्या बाजूने मूत्राशयाच्या तोंडाशी उभा असतो आणि लघवीचा जोर आला की झडपेसारखा तोंडावर येऊन बसतो. त्याच्यापर्यंत फुग्याचे काम पोहोचत नाही, म्हणून असा भाग ठळकपणे वर आलेला असेल तर या प्रक्रियेसाठी तो माणूस सहसा योग्य मानला जात नाही. कोणतेही नवे उपकरण पुढे आले की ‘ते किती चांगले आहे’ हे सगळेच विचारतात. ‘ते ज्यांच्यावर तपासले, ती माणसे आपल्या माणसासारखी होती का’ हे फार थोडे विचारतात.

‘फुगा म्हणजे ऑपरेशन नाही’ हे गृहीतकही तपासून पाहू. फुग्यासाठीही मूत्रमार्गातून दुर्बीण घालावी लागते, भूल किंवा गुंगी द्यावी लागते, मांस फाटते, रक्त येते आणि नंतर काही दिवस नळी राहते. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याच्या ऑपरेशनमध्येही पोटावर टाका पडत नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, मूत्रमार्गातून जाऊन ग्रंथीचा आतला भाग तुकड्या-तुकड्यांनी काढतात, दोन-तीन दिवस नळी ठेवतात आणि माणूस घरी येतो. दुसऱ्या आठवड्यात खपली सुटते तेव्हा लघवी पुन्हा लालसर होऊ शकते. हे आधी सांगितलेले नसले की घरचे घाबरून मध्यरात्री गाडी काढतात. गेली अनेक दशके जगभर नव्या उपचारांची तुलना याच ऑपरेशनशी केली जाते, आणि मधला भाग वाढलेला असला तरी तो त्यात काढता येतो. त्याची एक किंमत आहे, ती लपवू नये: बहुसंख्य पुरुषांचे वीर्य नंतर बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही आणि कामेच्छेवरही थेट परिणाम होत नाही, पण ज्याला हे आधी कळलेले नसते तो मनातून खचतो. ७४ वर्षांच्या माणसाला याविषयी काय विचारायचे, असे आपल्याकडे डॉक्टरांपासून मुलापर्यंत सगळेच गृहीत धरतात. विचारले पाहिजे.

पुण्या-मुंबईत, आणि आता इतरही काही शहरांत, होल्मियम लेसरने ग्रंथीचा वाढलेला गाभा सोलून काढण्याची पद्धत उपलब्ध आहे. ग्रंथी फार मोठी असली तरी ती चालते आणि रक्तस्राव तुलनेने कमी होत असल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी तिचा आवर्जून विचार होतो. तुमच्या सासऱ्यांना स्टेंट असल्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ते फक्त अ‍ॅस्पिरिन घेतात की त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेलही, हे पत्रात नाही. गोळ्यांची पाकिटे घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि कोणती गोळी किती दिवस थांबवायची व कोणती चालूच ठेवायची, हे त्यांच्याकडून लिहून आणा. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. स्टेंटला तीन वर्षे झाली आहेत, हे त्यातल्या त्यात सोयीचे आहे. पहिल्या काही महिन्यांत हा निर्णय फार अवघड असतो.

पीएसएच्या आकड्याने घर हादरले आहे, असे तुम्ही लिहिता. लघवी तुंबलेली असताना आणि नळी नुकतीच घातलेली असताना तो आकडा वाढतोच, त्यामुळे त्या दिवशीच्या ९ वरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय प्रोस्टेटची ही साधी वाढ पुढे कर्करोगात बदलते, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथीत असू शकतात, पण एकीतून दुसरी निघत नाही. आता सात आठवडे झाले आहेत, तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी चाचणी पुन्हा करावी का, हे युरोलॉजिस्टांना विचारा. आकडा चढाच राहिला तर एमआरआयचा विचार होईल. ऑपरेशनमध्ये निघालेले तुकडे तसेही तपासणीला जातात. फुग्याच्या उपचारात तपासायला काहीच हाती येत नाही.

आता ‘नळीच राहू दे’ या म्हणण्याकडे. सासऱ्यांना हा सगळ्यांत सुरक्षित मार्ग वाटतो आणि तुम्हा दोघांनाही तो तात्पुरता निरुपद्रवी वाटत असावा, कारण फुग्यासाठी थांबायचे म्हणजे नळी ठेवूनच थांबायचे. तो निरुपद्रवी नाही. महिनाभर नळी राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. नळीवर क्षार जमून ती अडते, मूत्राशयात खडे होतात, नळीच्या सततच्या दाबाने मूत्रमार्गाला इजा होते आणि कधी तरी थंडी वाजून ताप भरतो, तो या वयात रक्तात पसरायला वेळ लागत नाही. ज्यांना भूल देणे खरोखरच धोक्याचे आहे त्यांच्यासाठी कायमची नळी हा मार्ग ठेवलेला आहे. तुमचे सासरे लग्नघरी धावपळ करत होते. त्यांना त्या यादीत घालण्याचे कारण मला पत्रात दिसत नाही.

एक अवघड बाब राहते. त्या रात्री ११०० मिलिलिटर लघवी निघाली, म्हणजे मूत्राशय एका रात्रीत नव्हे, तर बऱ्याच काळापासून ताणले जात होते. निरोगी मूत्राशयाला चारशे-पाचशेलाच जोराची भावना होते. वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध जोर लावून त्याचा स्नायू थकला असेल, तर ऑपरेशनने वाट मोकळी झाली तरी लघवी पुरेशी ढकलली जाईलच असे नाही. मूत्राशयाचा दाब मोजणारी तपासणी याचा अंदाज देऊ शकते. ती तुमच्या सासऱ्यांना लागेल का, हे ऑपरेशनआधी विचारा. स्नायू कमजोर निघालाच तर दिवसातून काही वेळा स्वतः स्वच्छ नळी घालून लघवी काढून टाकण्याचे तंत्र शिकता येते. ऐकायला भयंकर वाटते, पण ज्यांनी ते शिकून घेतले आहे ते कायमच्या नळीकडे परत जायला सहसा तयार होत नाहीत.

आणि आता तुमचा स्वतःचा प्रश्न. तुम्ही लिहिले आहे की, सासरे पहाटे घर जागे होण्याआधी उठून पिशवी स्वतः रिकामी करतात. पारावर जाताना सुरुवातीला ती बाजाराच्या कापडी पिशवीत लपवून नेत असत, हल्ली त्यांनी पारावर जाणेच सोडले आहे आणि चहासुद्धा अर्धा कप मागतात. ‘नळीच राहू दे’ असे म्हणणारा माणूस नळीवर समाधानी असता तर त्याने पारावर जाणे सोडले नसते. त्यांच्या नकारामागे वयापेक्षा संकोच आणि भीती अधिक असावी, असा माझा कयास आहे, आणि तो बोलून दाखवण्याइतकी मोकळीक मुलापाशीही नसते, सुनेपाशी तर नसतेच. म्हणून तुम्ही त्यांना पटवून देण्याच्या भरीस पडू नका. पुढच्या भेटीत पती बरोबर जाऊ देत. पण डॉक्टरांशी त्यांचे पाच मिनिटे एकांतात बोलणे होईल, अशी विनंती पतींनी आधीच करून ठेवावी. निर्णय सासऱ्यांचा आहे. फुगा हवा असे मुलाला वाटणे आणि नळी हवी असे वडिलांना वाटणे, यांच्यामध्ये ‘तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते’ हे त्यांना अजून कोणी विचारलेले दिसत नाही.

तुम्ही करू शकाल अशी कामे वेगळी आहेत आणि तीही छोटी नाहीत. पायाला बांधायची लहान पिशवी औषधांच्या दुकानात मिळते. लेंग्याखाली ती दिसत नाही, ती आणून त्यांच्या खोलीत ठेवून द्या, बोलण्याची गरज नाही. पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता असावी आणि नळी मांडीला चिकटपट्टीने अडकवलेली असावी, म्हणजे वळताना ओढ बसत नाही. पाणी कमी करणे चुकीचे आहे, लघवी फिकट राहील इतके ते प्यायले पाहिजे. ताप नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके सुरू करू नयेत. मात्र पिशवीत लघवी येणे थांबले आणि ओटीपोट फुगले, किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आतला फुगा सिरिंजने रिकामा केल्याशिवाय नळी कोणीही ओढू नये. झोपेत वा भ्रमात ती ओढून काढलेले वृद्ध आणि त्यानंतरचा रक्तस्राव दोन्ही मी पाहिले आहेत.

ज्या वाचकांच्या घरी गोष्ट अजून तुंबण्यापर्यंत आलेली नाही, त्यांच्यासाठी फुग्याचा हिशोब निराळा आहे. साठीच्या आसपासचा पुरुष, मध्यम आकाराची ग्रंथी, मधला भाग वर न आलेला, स्वतः लघवी होते पण गोळ्यांनी चक्कर येते किंवा पुरेसा आराम पडत नाही, आणि वीर्यस्खलन टिकणे ज्याला महत्त्वाचे वाटते, अशा माणसाने आपल्या युरोलॉजिस्टांपाशी हा विषय अवश्य काढावा. वाफेने ग्रंथी आक्रसवणे किंवा लहान टाचण्यांनी तिचे भाग बाजूला ओढून धरणे, हे त्याच जातीचे इतर उपचारही तेव्हाच तोलून पाहावेत. औषधी फुगा निवडलाच तर नंतर महिनाभर निरोध वापरावा आणि किमान सहा महिने अपत्याचा विचार करू नये, कारण औषधाचा अंश वीर्यात उतरतो. भारतात अशा उपकरणाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेची परवानगी लागते. कोणी ‘अमेरिकेसारखाच फुगा’ म्हणून काही सुचवले, तर त्याचे नेमके नाव, परवानगी आणि लेपातले औषध लिहून मागावे. साधा फुगा आणि लेपाचा फुगा यांत काय फरक आहे, ते वर आलेच आहे. आणि ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. लग्नसराईत आणि थंडीत लघवी तुंबून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या खिशात ते पाकीट सापडते. टॅमसुलोसिन घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना तसे सांगावे, कारण त्या गोळीने बुबुळाचा पडदा सैल पडतो.

तुम्हाला माझे उत्तर असे की, फुग्यासाठी थांबू नका. सुचवलेले ऑपरेशन रास्त आहे. हवे तर लेसरची सोय असलेल्या युरोलॉजिस्टांचे दुसरे मत घ्या, पण ते नळीच्या पुढच्या बदलाआधी घ्या. नळी साधी लॅटेक्सची असेल तर ती अधिक लवकर बदलावी लागते, सिलिकॉनची असेल तर बारा आठवड्यांपर्यंत चालते. कोणती घातली आहे ते कागदावर लिहिलेले असेल. भेटीला जाताना सोनोग्राफी, क्रिएटिनिन, पीएसए, हृदयाची अलीकडची इको तपासणी आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर असू द्या. सासरे सत्तरीच्या पुढचे असल्याने त्यांना उत्पन्नाची अट न लागता आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. आधार कार्ड घेऊन जा आणि निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का व हे ऑपरेशन तिथे त्याखाली होते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारून घ्या.